खाराच्या मातीतला फुगलेला कर्ब

आमच्या घाटकोपरच्या गाळ्यात येतात ते बहुतेक पाण्याचे नमुने, माती क्वचितच. मे महिन्यात पेणकडचे एक काका मुलाला घेऊन आले, पिशवीत माती आणि हातात दुसऱ्या एका लॅबचा जुना रिपोर्ट. सेंद्रिय कर्ब, म्हणजे शेण-पालापाचोळा कुजून मातीत राहिलेला कार्बन, ०.८३ टक्के, पुढे 'भरपूर'. काका म्हणाले, "मॅडम, भरपूर हाय तर भात दरसाल कमी का होतोय?"

खारातली, म्हणजे खाडीकाठची खारट जमीन, भातावर भात. पाऊस गेला की मीठ वर येतं, त्यामुळे वालसुद्धा नाही. बैल विकले, शेण गेलं. वर तो रिपोर्ट बघून शेणखत विकत घेणंही बंद केलं आणि पेंढा सगळा मुंबईच्या तबेल्यांना.

माती चाळून एक ग्रॅम घेतली, डायक्रोमेट घातलं (कर्ब जाळणारं रसायन, ते जितकं खर्ची पडेल तितका कर्ब धरायचा), वरून सल्फ्युरिक ॲसिड सोडलं तर फ्लास्कच्या मानेत हलकी तांबूस वाफ आणि नाकाला झोंबणारा वास. हे मीठ बोलतंय! मिठातलं क्लोराइडही डायक्रोमेट खातं आणि टायट्रेशनमध्ये, म्हणजे उरलेलं डायक्रोमेट मोजताना, ते सगळं कर्बाच्या खात्यात जमा होतं. साधा आकडा आला ०.८१. मग ॲसिडमध्ये सिल्व्हर सल्फेट घालून परत केलं, म्हणजे क्लोराइड चांदीबरोबर पांढरा साका होऊन बाजूला बसतं, तर ०.६६. क्लोराइड वेगळं मोजलं, १.८ टक्के. त्याला बाराने भागून वजा करायचं असा जुना नियम आहे, ते ०.१५ येतं. बरोब्बर जुळलं. ०.७५ च्या वर भरपूर धरतात, म्हणजे काकांची जमीन मध्यमच.

सिल्व्हर सल्फेट महाग आहे मान्य, पण त्या जुन्या रिपोर्टवर दोनच ओळी वर क्षारता 'अति' छापलीय! सही करणाऱ्याने कागद वाचला तरी का? आणि माती काकांनी वरवरची, पांढरा थर आलेली खरवडून आणलेली, कारण व्ही आकाराचा १५ सेंटीमीटरचा खड्डा घ्यायचा हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मी त्यांना रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्राचं सांगितलं, इंग्लंडात तिथे एकाच शेतात १८४३ पासून गहू घेतायत, ज्या पट्टीत दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत पडतं तिथला कर्ब बिनखताच्या पट्टीच्या दुपटीहून जास्त. काका हसले, "पस्तीस टन? एवढं शेण आनू कुठून?" मुलगा म्हणाला, आपलाच पेंढा खाऊन इथल्या म्हशी शेण टाकतात आणि ते धुऊन नाल्यात जातं. तबेल्यांचं शेण वाहणारी दहिसर नदी बघितलेल्या माणसाला यावर बोलायला काही उरत नाही.

सगळा नाही तरी निम्मा पेंढा कुजवून शेतात घाला, माती भुसभुशीत राहिली तर पावसात मीठ खाली धुऊन जाईल, एवढं मी रिपोर्टच्या मागे हाताने लिहून दिलं. काकांनी मुलाकडून वाचून घेतलं. म्हणाले, पुढच्या साली बघू, यंदाची उचल घेतलीय, टेम्पो परवा येतोय.