‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे नेमकं कुणाच्या शिवारात?

परवा सकाळी मोटर चालू करायला गेले तर बांधावरच्या गवताने पावलं भिजली. पाऊस नव्हता, दव होतं. यंदाचं पहिलं. नाना, म्हणजे माझे सासरे, ओट्यावर चहा पीत होते. माझ्या ओल्या चपला बघून म्हणाले, “गेला बघ पाऊस.” मी म्हटलं, “नाना, चार वाजू द्या.”

चार वाजले आणि चांदवडकडून काळंकुट्ट भरून आलं. दोन कडाके असे झाले की गाईने दावं तोडलं. शेजारच्या शिवारात पाऊण तास ओतला. आमच्या बागेत पानसुद्धा भिजलं नाही.

आमचा तीन एकर द्राक्षाचा मळा नाशिक जिल्ह्यात, ओझरच्या पुढे आहे. सध्या घरात एकच विषय: गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, कधी धरायची. या आठवड्याचा अंदाज असा – तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका ते मध्यम पाऊस, यलो अलर्ट. हे शब्द हवामान खात्याच्या हिशोबात मोजून-मापून येतात. ‘तुरळक’ म्हणजे जास्तीत जास्त पाव केंद्रांवर पाऊस. ‘हलका’ २.५ मिलिमीटरपासून सुरू होतो आणि ‘मध्यम’ ६४.४ ला संपतो. म्हणजे धूळ बसण्यापासून सऱ्यांतून पाणी वाहण्यापर्यंत सगळं एकाच वाक्यात बसतं. त्यामुळे अंदाज खोटा ठरला असं म्हणायची सोय नाही. पाव जिल्ह्यात मी आहे की नाही, एवढाच प्रश्न.

जुलैत बरं असतं. ढग त्र्यंबक-इगतपुरीकडून येतात, घाटावर रिकामे होतात आणि उरलंसुरलं आमच्याकडे येतं. येवला-सिन्नरला तर त्याहून कमी. घाटमाथ्याचा अंदाज आता वेगळा देतात ते चांगलंच आहे. पण परतीचा पाऊस घाटाला विचारत नाही. दिवसभर ऊन तापतं, जमिनीत ओल असतेच, दुपारनंतर ढग जागच्या जागी वर चढतो आणि बहुतेकदा पूर्वेकडून अंगावर येतो. बांधाच्या अलीकडे पाऊस, पलीकडे ऊन.

मान्सून परत निघाला हे ठरवायचीही रीत आहे. पश्चिम राजस्थानात सलग पाच दिवस पाऊस नको, हवेतली आर्द्रता उतरायला हवी, आणि खालच्या थरात वारा घड्याळाच्या काट्यांसारखा फिरायला हवा. साधारण तारीख १७ सप्टेंबर. २०१९ मध्ये मात्र तो निघालाच ९ ऑक्टोबरला. आणि ऑक्टोबर सरता सरता अरबी समुद्रात ‘क्यार’ चक्रीवादळ उठलं. त्या वर्षी आम्ही डावणीच्या, म्हणजे ओल्या हवेत येणाऱ्या बुरशी रोगाच्या, फवारण्या मोजणं सोडून दिलं होतं. अर्धी बाग घडासकट गेली.

त्या वर्षापासून मला एक गोष्ट कळली, ती नानांना अजून पटत नाही. छाटणीच्या आठवड्यातला पाऊस तेवढा वाईट नसतो. काडीवर डोळे फुटायची पेस्ट लावल्यावर काही तास कोरडे मिळाले की झालं. खरी भीती पुढची. डोळे फुटतात, पोंगा म्हणजे कोवळा फुटवा उघडतो, विसेक दिवसांत इवलासा घड दिसायला लागतो. तेव्हा ढगाळ हवा आणि पाऊस राहिला तर घड जिरतो, नाहीतर डावणी त्यालाच धरते. आज छाटायचं ते तीन आठवड्यांनंतरच्या आभाळाकडे बघून. आणि मोबाईलवर आहेत पाच-सात दिवस! दर गुरुवारी चार आठवड्यांचा विस्तारित अंदाजही येतो, मी बघते. पण तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या नकाशावरचा हिरवा-तपकिरी रंग आख्ख्या मध्य महाराष्ट्राचा. नंदुरबारपासून कोल्हापूरपर्यंत एकच पट्टा. त्यात आमचा मळा शोधायचा कसा?

नानांचं पंचांग चालू असतं. आता हस्त, मग चित्रा, मग २४ ऑक्टोबरच्या सुमाराला स्वाती. वाहन कोणतं, बेडूक की गाढव, हे ते मला रोज ऐकवतात. “पडतील स्वाती तर पिकतील मोती” हेही. मी बोटांवर मोजलं – एक ऑक्टोबरला छाटली तर स्वाती लागताना बाग तेविसाव्या दिवसात, घड नुकता बाहेर. मी म्हटलं, “नाना, ते मोती ज्वारीवाल्यांचे.” त्यावर पहिल्यांदाच ते गप्प बसले.

संध्याकाळी पेठच्या मुकादमाचा फोन आला. “ताई, शनिवारी टोळी आणू का? घट बसल्यावर निम्मी पोरं सप्तशृंगी गडावर जातील, मग दसऱ्यापर्यंत नाव काढू नका.” उचल आधीच दिलेली. मी म्हटलं, “आणा, पण एकच एकर.” वरचा मुरमाड तुकडा, जिथे पाणी थांबत नाही. नाल्याकडचे दोन एकर दसऱ्यानंतर. नानांना हे अर्धवट काम वाटतं. त्यांच्या मते बाग एकदम छाटावी, म्हणजे औषधंही एकदम. त्यात तथ्य आहे, फवारणीचा खर्च वाढणार आहेच. पण २०१९ ला सगळी बाग एकाच दिवशी छाटलेली होती.

दामिनी ॲप आत्ताच वाजलं, वीस किलोमीटरच्या आत विजा दाखवतंय. नाना गाईला आत बांधतायत. मोटर बंद करून येते.