जुनाट दुखणं आणि स्मरणशक्ती: ९.२ टक्क्यांचा अर्थ काय?

गुडघा, कंबर किंवा मान वर्षानुवर्षं दुखत असलेल्या माणसाला हल्ली आणखी एक धास्ती पडलेली असते: या दुखण्यापायी पुढे डोकंही चालेनासं होणार का? या धास्तीला आधार म्हणून ज्या संशोधनाचं नाव घेतलं जातं, ते एलिझाबेथ व्हिटलॉक यांचं. त्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेतल्या भूलतज्ज्ञ. त्यांचा आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध २०१७ साली ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. तो मुळातून वाचला तर घाबरण्यासारखं थोडं आणि कामाचं बरंच हाती लागतं.

माहिती घेतली होती अमेरिकेतल्या ‘हेल्थ अँड रिटायरमेंट स्टडी’तून. या पाहणीत त्याच माणसांना दर दोन वर्षांनी तेच प्रश्न विचारले जातात. ६२ आणि त्यापुढच्या वयाची १०,०६५ माणसं निवडली. १९९८ आणि २००० या दोन्ही फेऱ्यांत ज्यांनी दुखणं ‘मध्यम’ किंवा ‘तीव्र’ सांगितलं, त्यांना ‘सततचं दुखणं’ या गटात टाकलं. असे १०.९ टक्के निघाले. मग २०१२पर्यंत सगळ्यांची स्मरणशक्ती कशी उतरत गेली ते पाहिलं.

ही व्याख्या ढोबळ आहे. दुखणं सांध्याचं की नसेचं, हे त्यातून कळत नाही. स्मरणशक्तीच्या घसरणीला दुखणं किती जबाबदार आणि दुखण्यावरची औषधं किती, हेही वेगळं काढता येत नाही. शिवाय सतत दुखणाऱ्यांमध्ये नैराश्याची लक्षणं आणि रोजच्या कामांतल्या अडचणी सुरुवातीपासूनच जास्त होत्या. गणितात अशा फरकांची वजावट करतात खरी, पण ती कधीच पुरती होत नाही.

आता निकाल. सततचं दुखणं असलेल्यांची स्मरणशक्ती ९.२ टक्के जास्त वेगानं उतरली. हा आकडा वेगाचा आहे. नऊ टक्के स्मरणशक्ती गेली, असा त्याचा अर्थ नाही. घसरण सरळ रेषेत धरली, तर इतरांची जेवढी स्मरणशक्ती दहा वर्षांत उतरते तेवढी यांची सुमारे नऊ वर्षं दोन महिन्यांत उतरेल. संख्याशास्त्रीय पल्ला, म्हणजे खरा आकडा ज्यात असण्याची बरीच शक्यता असते ती मर्यादा, २.८ ते १५ टक्के आहे; म्हणजे परिणाम अगदी किरकोळ असण्यालाही जागा आहे. स्मृतिभ्रंशाची शक्यता दहा वर्षांत २.२ टक्क्यांनी जास्त वाढली. म्हणजे शंभर माणसांमागे साधारण दोन.

मला यातला सगळ्यात उपयोगी भाग वेगळाच वाटतो. ही जादा घसरण रोजच्या जगण्यात कुठे दिसेल, याचा संशोधकांनी हिशेब मांडला. दहा वर्षांनी आपली औषधं आपण सांभाळता न येण्याचा धोका तुलनेनं १५.९ टक्के जास्त आणि पैशाचे व्यवहार न जमण्याचा ११.८ टक्के जास्त. हे आकडे स्मरणशक्तीच्या घसरणीवरून काढलेले आहेत, प्रत्यक्ष मोजलेले नाहीत. तरी नजर कुठे ठेवायची ते त्यावरून कळतं: गोळ्यांच्या डबीवर आणि बिलांवर.

उलट बाजूही आहे. ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘व्हाइटहॉल २’ अभ्यासात १९९१पासून नऊ हजारांहून जास्त लोकांच्या दुखण्याची वारंवार नोंद झाली. २०२१च्या विश्लेषणात असं दिसलं, की दुखणं आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध निदानाच्या आधीच्या थोड्या वर्षांत ठळक आहे, फार मागे गेलं की तो विरतो. म्हणून त्या संशोधकांनी दुखण्याला स्मृतिभ्रंशाचं कारण मानलं नाही. ते आधीच सुरू झालेल्या आजाराचं लक्षण किंवा सोबती असावं, असा निष्कर्ष त्यांनी काढला. व्हिटलॉक यांच्या पाहणीतली माणसं सुरुवातीलाच वयस्कर होती, त्यामुळे ही शंका तिथेही लागू पडते.

मग दुखण्याचा मेंदूवर परिणाम होतच नाही का? होतो, आणि पहिला फटका लक्षाला बसतो. दुखणं सतत लक्ष मागतं. समोरचा बोलत असताना निम्मं ध्यान कंबरेकडे असेल, तर ते बोलणं मुळात नोंदलंच जात नाही. जे नोंदलं गेलं नाही ते आठवणार कुठून? त्यात झोप मोडते, आणि दिवसभरातल्या आठवणी पक्क्या करण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं.

मेंदूच्या रचनेतही फरक दिसतो. मेंदूसंशोधक आपकारियन यांच्या गटानं २००४ साली जुनाट पाठदुखीचे २६ रुग्ण आणि २६ निरोगी माणसं तपासली. रुग्णांमध्ये मेंदूच्या बाह्य थरातलं करडं द्रव्य (जिथे चेतापेशी दाटलेल्या असतात तो भाग) ५ ते ११ टक्के कमी भरलं. हा आकडा फार फिरतो. त्यापुढचे निष्कर्ष मात्र फारसे कुणी सांगत नाही: २००९मध्ये खुब्याचा सांधा बदललेल्या आणि २०११मध्ये पाठदुखीवर गुणकारी उपचार झालेल्या रुग्णांत यातला काही भाग भरून आलेला दिसला. अभ्यास छोटे होते. पण पेशी कायमच्या मेल्या असत्या तर काही महिन्यांत हे घडलं नसतं.

तिसरा संशयित म्हणजे औषधं. दुखण्यासाठी किंवा झोपेसाठी दिलेली अमिट्रिप्टिलिन ॲसिटिलकोलिनला अडवते, आणि स्मरणासाठी तेच रसायन लागतं. प्रेगाबालिन आणि गॅबापेंटिननं गुंगी येते. ती मूत्रपिंडातून बाहेर पडतात, त्यामुळे रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेल्या, म्हणजे मूत्रपिंड मंदावलेल्या वयस्कर माणसात नेहमीची मात्राही अंगात साठते. ट्रॅमाडॉल, स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या, सर्दीच्या गोळ्यांमधली झोप आणणारी ॲलर्जीविरोधी औषधं, ही सगळी एकावर एक चढतात. मात्र यातलं काहीही स्वतःहून एकदम बंद करू नका. प्रेगाबालिन आणि ट्रॅमाडॉल अचानक सोडल्यास त्रास उलटतो, ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्यानंच उतरवावी लागतात.

घरात दुखणं आणि विसरणं दोन्ही असेल तर दोन आठवडे वही ठेवा. आठवड्यातून एकदा ० ते १०च्या मापावर तीन प्रश्न विचारा: या आठवड्यात सरासरी किती दुखलं, जगण्यातली मजा किती कमी झाली, रोजची कामं किती अडली. तिन्हींची सरासरी काढा. डॉक्टर याला ‘पेग’ मोजपट्टी म्हणतात. उपचारानंतर ती सुमारे ३० टक्के उतरली तर फरक खरा धरतात. नुसतं ‘किती दुखतंय?’ विचारलं की त्या क्षणाचं उत्तर मिळतं आणि दर वेळी वेगळं येतं. त्याच वहीत गोळ्यांच्या वेळा, झोपेचे तास आणि त्या दिवशीचं ठळक विसरणं लिहा: गोळी दोनदा घेतली, बिल दोनदा भरलं, ओळखीचा रस्ता चुकला. चष्मा कुठे ठेवला ते विसरणं यात धरू नका.

स्मरणशक्तीची चाचणी दुखणं उसळलेलं असताना किंवा गुंगीची गोळी घेतल्यावर तासाभरात देऊ नये. गुण कमी येतात आणि तो शिक्का मग निघत नाही. चाचणीच्या कागदावर त्या वेळचं दुखणं, शेवटची गोळी कधी घेतली आणि आदल्या रात्रीची झोप लिहून घ्यायला सांगा. इशारा दिल्यावर शब्द आठवत असेल (‘ते एक फूल होतं’), तर अडचण बहुधा लक्षाची किंवा आठवून काढण्याची आहे. इशाऱ्यानंही काही हाती लागत नसेल, तर तपास पुढे न्यावा. बी १२, थायरॉइड आणि ऐकू येणं या तपासण्या दोन्ही बाबतींत करून घ्याव्यात. आणि गोंधळ काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत सुरू झाला असेल तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तो प्रकार वेगळा आणि तातडीचा.

स्मृतिभ्रंश पुढे गेला की माणूस दुखणं सांगूच शकत नाही. मग ‘पेनॅड’सारखी निरीक्षणाची पट्टी वापरतात. श्वास, तोंडातून निघणारे आवाज, चेहरा, शरीराची हालचाल आणि समजूत घातल्यावर शांत होणं, या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण. नुसतं बसलेलं असताना पाहू नका, कूस बदलताना किंवा कपडे घालताना पाहा, कारण स्थिर असताना सांधा गप्प असतो. नॉर्वेतल्या शुश्रूषागृहांमध्ये स्मृतिभ्रंश असलेल्या ३५२ जणांवर केलेला एक प्रयोग २०११ साली ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यातल्या सुमारे निम्म्या जणांवर आठ आठवडे दुखण्यासाठी टप्प्याटप्प्यानं उपचार केले, आणि बहुतेकांना त्यासाठी पॅरासिटामॉलच पुरलं. त्यांची चिडचिड आणि आदळआपट सरासरी १७ टक्क्यांनी कमी झाली. अशी चिडचिड दिसली की घाईनं शांत करणारं औषध सुरू होतं. त्याआधी खुबा, दात, पोट आणि पायांची नखं तपासून घ्यावीत.