कॅरिबियनमधली शिडाच्या बोटीची दुपार: आधी पाणी, मग पान, शेवटी रम

पुणे आणि पोर्तो रिकोचं सान हुआन ही दोन्ही शहरं जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, साधारण साडेअठरा अंश उत्तर. त्यामुळे कॅरिबियनचं ऊन पुणेकराला नवं नाही. नवा असतो तो वारा. तो ऊन जाणवू देत नाही, तहान जाणवू देत नाही आणि रम किती चढली तेही जाणवू देत नाही. दुपारच्या चार तासांच्या सहलीत जे बिघडतं ते बहुतेक वेळा याच तीन गोष्टींमुळे, आणि क्रम चुकल्यामुळे.

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, आई-बाबा सहा महिन्यांसाठी गेलेले, आणि डिसेंबरच्या सुट्टीत सगळे मिळून बार्बाडोस, अँटिग्वा किंवा सेंट लुसिया, असा बेत हल्ली बऱ्याच घरांत ठरतो. थेट पुण्याहून जाणाऱ्यांनी एक हिशेब करावा. तिकडचं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे आहे. तिथले दुपारचे तीन म्हणजे पुण्यातले रात्रीचे साडेबारा. शरीर झोपलेलं असताना बोट लागतेही लवकर आणि दारूही. म्हणून पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी बुकिंग नको. शेवटच्या दिवशीही नको, कारण वारा जास्त म्हणून कप्तानाने फेरी रद्द केली तर बदली दिवस उरत नाही. मुक्कामाच्या मधला दिवस बरा. बार्बाडोसला भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण विमान अमेरिकेतून बदलायचं असेल तर तिथला व्हिसा लागतोच.

शाळेच्या भूगोलात वाचलेले ते ईशान्य व्यापारी वारे इथे प्रत्यक्ष भेटतात. वर्षातला बराचसा काळ ते पूर्वेकडून १५ ते २० नॉट वेगाने वाहतात, म्हणजे ताशी २८ ते ३७ किलोमीटर. डिसेंबर-जानेवारीत ते आणखी जोर धरतात. तिथले लोक त्यांना ‘ख्रिसमस विंड्स’ म्हणतात. १ जून ते ३० नोव्हेंबर हा वादळांचा अधिकृत हंगाम. वारा पूर्वेचा असल्यामुळे बेटांचा पूर्व किनारा खवळलेला असतो आणि पश्चिम किनारा बेटाच्या आडोशाला शांत राहतो. सहलीच्या बोटी जवळजवळ सगळ्या पश्चिम किनाऱ्यावरूनच सुटतात त्या यामुळे. २०११ पासून पूर्व किनाऱ्यांवर सरगॅसम नावाच्या तपकिरी शेवाळाचे ढीग येऊन पडतात, त्यांचाही त्रास पश्चिमेला कमी. कोकणात भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहिल्याशिवाय होडी सुटत नाही. कॅरिबियनमध्ये भरती-ओहोटीतला फरक बहुतेक ठिकाणी जेमतेम अर्धा मीटर. तिथे सगळं वाऱ्यावर ठरतं.

आता यातली मेख. आडोशाच्या किनाऱ्यावर वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. पोहण्यासाठी थांबून नांगर टाकलेली बोट आपलं नाक वाऱ्याकडे, म्हणजे किनाऱ्याकडे करून उभी राहते. शिडी असते मागे, उघड्या समुद्राच्या बाजूला. शिडीवरून उतरून नुसतं तरंगत राहिलात तर वारा तुम्हाला हळूहळू बोटीपासून लांब, खोल समुद्राकडे नेतो, आणि परत येताना त्याच वाऱ्याविरुद्ध पोहावं लागतं. तेही दमल्यावर. म्हणून उतरल्या उतरल्या बोटीच्या कडेने पुढे जायचं, नाकाच्याही पुढे किनाऱ्याच्या दिशेने, आणि दमल्यावर वाऱ्याबरोबर शिडीकडे परतायचं. प्रवाह वेगळ्या दिशेला ओढत असेल तर खलाशी तसं सांगतात. तेव्हाही नियम हाच, जाताना विरुद्ध आणि येताना बरोबर. चांगल्या बोटी मागे एक लांब दोर सोडतात, टोकाला फ्लोट बांधून. तो शोभेचा नाही. फुगवलेल्या गाद्या आणि रिंगा मात्र या किनाऱ्यांवर वापरूच नयेत, वारा त्यांना पश्चिमेकडे पळवतो.

टिळक टँकवर सलग वीस लांब्या मारणाराही इथे पाच मिनिटांत धापा टाकू शकतो. कारण ताकदीत नसतं. टँकमध्ये प्रत्येक लांबीला भिंत मिळते, तळ दिसतो, पाणी हलत नाही. समुद्रात लाट तोंडावर येते, श्वासाची लय तुटते आणि माणूस डोकं वर काढून पोहायला लागतो, त्यात कंबर खाली जाते. खाऱ्या पाण्यात अंग आपोआप जास्त तरंगतं हे लक्षात ठेवून पाठीवर आडवं व्हायचं, वीस श्वास घ्यायचे, मग पुढे. अजिबात पोहता येत नसेल तर जॅकेट घालून शिडीजवळच्या दोराला धरून राहण्यात कमीपणा नाही, खालचे मासे तिथूनही दिसतात. पाणी २६ ते २९ अंश असतं, थंडी वाजत नाही.

पाण्याखाली बघायला डोळ्या-नाकावर लावतात त्या मास्कचं एक दुखणं खास आपलं: मिशी. मिशीमुळे रबराची कड ओठावर बसत नाही आणि पाणी झिरपत राहतं. मिशीवर व्हॅसलिनचा थर दिला की बरंच थांबतं. मास्क घेताना पट्टा न लावता तोंडावर टेकवा आणि नाकाने हलका श्वास ओढा. हात सोडल्यावर तो चिकटून राहिला तर मापाचा. पट्टा आवळून गळती थांबत नाही, उलट कड दुमडते आणि वाढते. काच धुरकटू नये म्हणून आतून थुंकी किंवा बेबी शाम्पूचा एक थेंब चोळून लगेच विसळायचं. फिन्स, म्हणजे पायात घालायचे रबरी पंख, शिडीवर बसून, अगदी शेवटी घालायच्या. परत येताना शिडीला एका हाताने धरून आधी फिन्स काढून खलाशाच्या हातात द्यायच्या, मग चढायचं. लाटेबरोबर शिडी खालीवर आपटते, त्यामुळे तिच्याखाली डोकं किंवा हात जाऊ देऊ नका. ती खाली आली की पकडा, वर जाताना तिच्याबरोबर चढा. पाण्यातून बोटीला करायच्या खुणा दोनच: एक मूठ डोक्यावर ठेवली की ‘मी ठीक आहे’. हात हलवला की ‘वाचवा’. घरच्यांना टाटा करायला हात हलवू नका.

बार्बाडोसच्या ब्रिजटाउनजवळ कार्लाइल बेमध्ये उथळ पाण्यात बुडालेली जहाजं आहेत. त्यातली बर्विन नावाची टगबोट १९१९ पासून तिथे आहे. २९ जून २०२४ ला भारताने टी-२० विश्वचषक जिंकला ते केन्सिंग्टन ओव्हल याच शहरात, त्यामुळे क्रिकेटवेड्यांची दोन्ही कामं एका दिवसात होतात. हिरवी कासवं दिसली तर हात लावायचा नाही, मागे लागायचं नाही. ती श्वास घ्यायला वर येतात, तो रस्ता मोकळा ठेवायचा. प्रवाळावर पाय टेकवू नका. तो मरतो, आणि फायर कोरल असेल तर तुमचीही आग होते. बोट किनाऱ्याला लागली तर छोट्या हिरव्या सफरचंदांसारखी फळं धरलेल्या मँचिनील झाडापासून लांब रहा. फळ विषारी, चीक कातडी भाजतो, आणि पावसात त्याखाली उभं राहिलं तरी फोड येतात. बार्बाडोसमध्ये अशा खोडांवर लाल पट्टा रंगवलेला असतो.

बोट कुठली घ्यायची? गुडघे दुखणारे आई-बाबा सोबत असतील तर कॅटामरान, दोन सांगाड्यांची. ती कलत नाही. एका सांगाड्याची बोट वाऱ्यावर १५-२० अंश कलते, त्यातच शिडाची खरी मजा आहे, पण हातात ग्लास घेऊन बसायचं ते ठिकाण नव्हे. कॅटामरानच्या पुढच्या जाळीवर सगळे धावतात. खालून लाटेचे फटके बसतात, म्हणून कंबरदुखीवाल्यांनी आणि गरोदर बाईने तिथे बसू नये. बुकिंगच्या आधी विचारायचे प्रश्न: जास्तीत जास्त किती माणसं घेता, सावली किती जणांना पुरते, शीड खरंच उघडता की सगळा वेळ इंजिन, आणि बार कधी सुरू होतो. ‘चढल्या चढल्या’ असं उत्तर आलं तर दुसरी बोट बघा.

मोठं शीड चढवताना बोट वाऱ्याकडे तोंड करते, कापड जोरात फडफडतं आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला काहीतरी फाटलं असं वाटतं. बोट वळली की आवाज थांबतो. वारा २० नॉटच्या वर गेला की कप्तान शीड खालून बांधून लहान करतो, ते शहाणपण असतं. गुंडाळी होऊन पडलेल्या दोराच्या मध्ये पाय ठेवायचा नाही. वाऱ्याच्या दिशेनेच बोट चालली असेल तेव्हा जपून रहा: १५ नॉटचा वारा आणि ८ नॉटची बोट म्हणजे अंगाला लागतो तो ७ नॉटचाच. हवा पडल्यासारखी वाटते, ऊन एकदम चटका देतं आणि ज्यांना तोवर काही झालं नव्हतं त्यांना मळमळू लागतं.

बोट लागू नये म्हणून घाटात घेतो तीच एव्होमिन चालते, पण उलटी येतेय असं वाटल्यावर घेऊन उपयोग नाही, निदान तास-दोन तास आधी पोटात हवी. तिने झोप येते, दारूबरोबर दुप्पट येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. उपाशी चढू नका, वडे-भजी खाऊनही चढू नका. आलेपाकाची वडी खिशात असू द्या. बसायचं बोटीच्या मध्यावर, नजर क्षितिजावर, मोबाइल बंद. खाली संडासात जाऊन ओकणं हा सर्वांत वाईट मार्ग, तिथे हलणं जास्त जाणवतं. वारा पाठीवर घेऊन कठड्याशी जा, खलाशी काही म्हणत नाहीत.

सनस्क्रीन निघायच्या अर्धा तास आधी, मोठ्या माणसाला एका वेळी ३० मिलि, म्हणजे आपण लावतो त्याच्या तिप्पट. दर दोन तासांनी पुन्हा. अमेरिकन व्हर्जिन बेटांत आणि अरुबात २०२० पासून ऑक्सिबेन्झोन असलेल्या सनस्क्रीनवर बंदी आहे. झिंक ऑक्साइडवालं न्या, स्प्रे नको, कारण तो डेकवर पडून फरशी निसरडी करतो. त्याहून बरा लायक्राचा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट. सुती कुर्ता किंवा लेगिंग घालून पाण्यात उतरू नका, भिजल्यावर ते पायात येतं. आणि लष्करी ठिपक्यांच्या नक्षीची चड्डी पुण्यातच ठेवा: बार्बाडोस, सेंट लुसिया, अँटिग्वा, जमैका, त्रिनिदाद इथे ती नागरिकांना घालायला कायद्याने मनाई आहे, लहान मुलांनाही.

जेवण बोटीवर बहुधा दोन डुबक्यांच्या मध्ये येतं. बार्बाडोसमध्ये मॅकरोनी पाय, ग्रिल्ड चिकन, फ्लाइंग फिश, खाऱ्या माशाचे फिशकेक, तळलेली पिकी केळी आणि भात-तूर. हो, तूरच, ओल्या दाण्यांची. मात्र त्यात चवीला खारवलेलं डुकराचं मांस घालण्याची पद्धत आहे, आणि मॅकरोनीत अंडं असू शकतं. ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. मटण नाही, चिकन नाही, मासे नाहीत, बेकन नाही, अंडं चालतं की नाही, असं सुटं सुटं लिहून दोन दिवस आधी ईमेल करा. रास्ताफारी या तिकडच्या धार्मिक पंथाच्या लोकांचं ‘आयटल’ जेवण मुळात शाकाहारी, त्यामुळे हा शब्द स्वयंपाक्याला लगेच कळतो. पिवळ्या मोहरीच्या सॉससारखं दिसणारं जे बाटलीत असतं त्यात स्कॉच बॉनेट मिरची असते. कोल्हापूरच्या माणसानेही आधी थेंबभरच घ्यावं.

रम पंचचं जुनं प्रमाण एक आंबट, दोन गोड, तीन कडक, चार पातळ. लिंबाचा रस ३० मिलि, साखरेचा पाक ६०, रम ९०, पाणी किंवा फळांचा रस १२०, त्यावर अँगोस्टुरा बिटर्स या कडू अर्काचे दोन-तीन थेंब आणि किसलेलं जायफळ. हे दोन ग्लास झाले. म्हणजे एका ग्लासात आपला दीड छोटा पेग, आणि साखर तीन-चार चमचे, मधुमेहवाल्यांनी ऐकून ठेवावं. बोटीवर मापाने ओतत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात दोन पेग धरा. जमैकाची ओव्हरप्रूफ, म्हणजे जास्त कडक रम, ६३ टक्के अल्कोहोलची असते, ती पडली तर हिशेबच नको. शेवटची डुबकी झाल्यावरच पहिला ग्लास, आणि प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास पाणी. लिंबू हाताला लागलं तर लगेच धुवा. लिंबाचा रस आणि ऊन मिळून दुसऱ्या दिवशी फोड उठतात. न पिणाऱ्यांनी लाल अंबाडीच्या बोंडांचं सॉरेल किंवा जिंजर बिअर मागावी. मॉबी झाडाच्या सालीचं, कडू, काढ्याची सवय असेल तरच.

मोठ्यांचं तिकीट साधारण ९० ते १५० अमेरिकन डॉलर, खलाशांना वर १० ते १५ टक्के, रोख. बार्बाडोसचे दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक, आणि पूर्व कॅरिबियनचे २.७० म्हणजे एक. किंमत ऐकताना कुठला डॉलर ते विचारा. क्रूझने जाणाऱ्यांनी जहाजाचं घड्याळ आणि बेटाचं घड्याळ यांत एक तासाचा फरक असू शकतो हे तपासून घ्यावं. जहाजावर परतायची वेळ साडेचारची असेल तर दुपारची बोट घेऊच नका, वाऱ्याविरुद्ध परतताना उशीर होतो आणि जहाज थांबत नाही. अशा दिवशी सकाळी नऊची फेरी घ्या.