पंचवीसशे के : डिसेंबरचे ४.५ एप्रिलमध्ये ४.२ झाले

मंडळी, डिसेंबरमध्ये मी प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला, म्हणजे कंपनीच्या स्पीडपेक्षा जास्त पळवला, आणि ४.५ गिगाहर्ट्झ झालं म्हणून लई उड्या मारल्या होत्या, तर आता गुपचूप खाली उतरलोय. सांगलीच्या एप्रिलने माज उतरवला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मशीन म्हणजे इंटेलचा आय५ २५००के प्रोसेसर, २०११ च्या सँडी ब्रिज पिढीचा, चार कोर चार थ्रेड, मूळ स्पीड ३.३, टर्बोला ३.७, ९५ वॅट, झेड६८ चा मदरबोर्ड आणि टॉवर टाइप एअर कूलर. एच६१ च्या बोर्डवर के (मल्टिप्लायर मोकळा असलेली चिप) असला तरी मल्टिप्लायर, म्हणजे बेस क्लॉकला ज्यानं गुणून स्पीड येतो तो आकडा, हलत नाही, त्यामुळे आधी बोर्ड बघा मग उत्साह दाखवा. आणि बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झवरच राहू द्या, कारण पीसीआय एक्सप्रेस न् साटा (ग्राफिक्स कार्ड न् हार्डडिस्कच्या जोडण्या) पण त्याच क्लॉकवर चालतात, चार-पाच मेगाहर्ट्झ जास्त ढकलले की हार्डडिस्क रुसून बसते. खेळायचं ते मल्टिप्लायर आणि व्होल्टेजशी.

तर डिसेंबरमधलं सेटिंग होतं ४५ चा मल्टिप्लायर, १.३६ व्होल्ट. रात्री खोलीत २१ डिग्री, प्राइम९५ ची स्मॉल एफएफटी ही चिपला पूर्ण राबवणारी टेस्ट लावून झोपलो, सकाळी बघतो तर कमाल ७४. झालं, आपण राजे. जानेवारी फेब्रुवारी मजेत गेले.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दुपारी व्हिडिओ एन्कोड करताना १२४ कोडची निळी स्क्रीन आली. विश्रामबागेत दुसरा मजला, वर डायरेक्ट स्लॅब, खोलीत ३७. तीच टेस्ट परत लावली तर वीस मिनिटात ९१. सेटिंग तेच, कूलर तोच, पण डिसेंबरमध्ये खोली आणि चिप यात ५३ डिग्रीचा फरक होता, आता ५४, म्हणजे बदललं काय तर फक्त खोली. एअर कूलर खोलीच्या हवेवरच चालतो, ती हवाच तापली तर तो बिचारा काय करणार. आणि वरची ती एक डिग्री आली कारण चिप तापली की लीकेज (आतल्या आत झिरपून वाया जाणारी वीज) पण वाढतं. थंड देशातल्या लोकांचे कमाल टेम्परेचरचे आकडे बघून सेटिंग उचलणारे आपण सगळे इथंच फसतो, त्यातून त्यांच्या खोलीचा आकडा वजा करून आपल्या खोलीचा मिळवून बघितलाच पाहिजे.

इथं मी गाढवपणा केला. निळी स्क्रीन म्हणजे व्होल्टेज कमी पडतंय असं वाचलेलं डोक्यात होतं, ते खरं पण आहे, म्हणून १.४० केलं. टेम्परेचर थेट ९८, जो या चिपचा टीजेमॅक्स म्हणजे तापायची कमाल मर्यादा आहे, त्यामुळे थ्रॉटल होऊन, म्हणजे चिपनं स्वतःला आवरून, स्पीड आपोआप खाली. जास्त वीज, जास्त उष्णता न् स्पीड कमी. तेवढ्यात लाईट गेली, यूपीएस आधीच ओव्हरलोडनं कोकलत होता, त्यानं दोन सेकंदात मान टाकली.

लाईट आल्यावर डिस्प्लेच नाही. फॅन फिरतो, बंद पडतो, परत फिरतो. आई दारातून बघून म्हणाली, "त्या डब्याला एवढे फॅन लावतोस, एक आमच्या खोलीत लाव की." मी मान वर पण केली नाही. पॉवरची वायर काढली, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरलं, बोर्डवरचा बटण सेल काढला, क्लिअर सीमॉसच्या (सगळी सेटिंग मूळ जागी आणणाऱ्या) दोन पिनांना स्क्रूड्रायव्हर टेकवला, सेल परत बसवला आणि देवाचं नाव घेऊन चालू केलं. आलं! तोवर घामानं शर्ट पाठीला चिकटलेला.

मग कूलर खोलला. पंख्यामागच्या पत्र्यांवर नमद्यासारखा धुळीचा थर, आणि त्यात काळ्या पातळ चकत्या, हात लावला की भुगा. उसाच्या पाचटाची राख हो! गाळपाच्या दिवसात गच्चीवरच्या कपड्यांवर पडते तीच खिडकीतनं येऊन कधीपासून कूलरमध्ये साठत होती. चिप न् कूलरमधली थर्मल पेस्ट वाळून चुन्याच्या खपल्या झालेल्या. रंगाच्या ब्रशनं झाडलं, ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवला, चिपची टोपी (वरचं धातूचं झाकण) आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली, नवीन पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी. सहा डिग्री तिथंच कमी.

मिरजेचा मावसभाऊ आला होता, तो म्हणतो, "दादा, ब्लेडनं टोपीच काढूया की, अजून थंड होईल." म्हटलं, हात तर लावून बघ! सँडी ब्रिजची टोपी आत सोल्डर केलेली आहे, ब्लेड घातलं तर चिपच उखडून येईल. २०१२ च्या आयव्ही ब्रिजला टोपीखाली सोल्डरऐवजी पेस्ट आली, ते टोपी काढायचे उद्योग त्यांचे.

आता उलट्या बाजूनं सुरुवात केली. मल्टिप्लायर ४२ फिक्स, व्होल्टेज १.२८ पासून ०.०१ नं खाली. १.२३ ला चाळीस मिनिटात क्रॅश. १.२४ ला टेस्ट पास झाली, पण विंडोजच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडला तर व्हीया १९ च्या वॉर्निंग, म्हणजे चिप चुका करतेय आणि स्वतःच निस्तरतेय. हे बघायचं बरेच जण विसरतात, क्रॅश झालं नाही म्हणजे स्टेबल असं नसतं भावांनो. १.२६ ला लॉग एकदम साफ. लोडलाइन कॅलिब्रेशन (लोडखाली व्होल्टेज घसरू न देणारं सेटिंग) मधल्या पायरीवर ठेवलंय, एकदम वरच्या पायरीवर लोड सुटताना व्होल्टेज क्षणभर उसळतं. रॅम १.५ व्होल्टवर, जुन्या १.६५ वाल्या स्टिक या प्लॅटफॉर्मला लावू नका.

उष्णता स्पीडच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. ४.२ वरून ४.५ म्हणजे ७ टक्के स्पीड, पण १.२६ चं १.३६ झाल्यावर उष्णता जवळपास २५ टक्के जास्त. एका लग्नाचा व्हिडिओ ४.५ ला २२ मिनिटात व्हायचा, आता साडेतेवीस लागतात. चहा गाळेपर्यंत होतंय की.

काल दुपारी खोलीत ३८, तीन तास स्मॉल एफएफटी, कमाल ७६. यूपीएसची बॅटरी या आठवड्यात बदलणार, खिडकीला बारीक जाळी लावून झालीय, आणि मेमध्ये खोली चाळीसला गेली की हीच टेस्ट परत, तोवर मल्टिप्लायरला हात नाही.