शेवटचे दोन दिवस रिकामे का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो, आणि एकदाच नीट लिहितो. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या मोटरहोम सहलीचा (म्हणजे झोपणं, स्वयंपाक, संडास सगळं आतच असलेली भाड्याची गाडी घेऊन फिरण्याचा) आराखडा आमच्या रत्नागिरी-गुहागरकडच्या कुणालाही करून दिला, की बोट शेवटच्या दोन दिवसांवर येऊन थांबतं. "भाऊ, इथे काहीच नाही?" मग जरा आवाज खाली घेऊन दुसरा प्रश्न येतो, "आणि तो संडासाचा डबा, तो आपणच रिकामा करायचा?" पहिल्याचं अर्धं उत्तर दुसऱ्यात आहे.

उरलेलं अर्धं रस्त्यात. पश्चिम किनाऱ्यावरून जाणारा स्टेट हायवे ६ हा तिथला एकमेव रस्ता. २६ मार्च २०१९ ला फ्रान्झ जोसेफजवळ वाइहो नदीवरचा पूल पुरात वाहून गेला, तो १३ एप्रिलला पुन्हा सुरू झाला. तोवर पलीकडे जायला शेकडो किलोमीटरचा वळसा. पूर्वेला कायकोराजवळ १४ नोव्हेंबर २०१६ ला ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि किनाऱ्यालगतचा स्टेट हायवे १ डिसेंबर २०१७ पर्यंत बंद राहिला. त्याच २०१६ च्या २ ऑगस्टला रात्री महाडला सावित्रीवरचा पूल कोसळला. तो दिवस लक्षात असलेल्या माणसांना हे मी वेगळं समजावून का द्यावं? गणपतीला मुंबईहून निघताना आपण घाटात अडकायचे तास धरूनच निघतो. गाडी परत घेणारे डेपो बहुधा दुपारी तीन-चारला बंद होतात, आणि विमान तुमच्यासाठी थांबत नाही. म्हणून शेवटच्या दोन रात्री, जिथे गाडी परत द्यायची त्या क्राइस्टचर्चच्या आसपास.

आता डबा. त्याला तिथे कॅसेट म्हणतात. साधारण १७ ते २० लिटरचा, संडासाच्या खाली बसलेला, गाडीच्या बाहेरच्या छोट्या दारातून ओढून काढायचा. चार माणसांत दीड-दोन दिवसांत भरतो. आपल्याकडे त्याहून लवकर, कारण आपण पाणी वापरतो आणि प्रत्येक तांब्या त्याच डब्यात जातो. पाणी सोडा असं मी कुणाला सांगणार नाही. अर्ध्या लिटरची बाटली ठेवा, तेवढी पुरते. ओले वाइप्स मात्र आत टाकू नका, ते विरघळत नाहीत, तोंडाशी अडकतात.

रिकामा करायची जागा म्हणजे डंप स्टेशन. आधी गाडीच्या आत जाऊन संडासाची सरकती झडप पूर्ण बंद करा. ती अर्धवट उघडी असली तर डबा निघत नाही. लोक हिसका देतात आणि झडपेचा दांडा मोडतो. हातमोजे घाला, डबा उभा धरून न्या. भरलेला डबा वीसेक किलो होतो, चाकं असली तर ओढत न्या. नळीचं तोंड बाहेरच्या बाजूला फिरवून बूच काढा. आर्थर्स पासवर चढून आला असाल, तर बूच सावकाश सैल करा. खिंड सुमारे ९२० मीटरवर आहे, उंचीवर गेलं की बंद डब्यात दाब राहतो आणि एकदम उघडलं तर अंगावर उडतं. तोंड भोकात खाली वळल्यावरच हवेचं बटण दाबून धरा. ते दाबलं नाही तर डबा गचके देत ओततो, आणि बूट भिजतात ते तेव्हाच. मग तिथल्या धुण्याच्या नळाने दोन-तीन लिटर पाणी घालून हलवा, ओता, पुन्हा तेच करा. सहल पुढे चालू असेल तर थोडं पाणी आणि वास दाबणारं रसायन, बाटलीवर लिहिलंय तेवढं. शेवटची खेप असेल तर रसायन नको. तेवढ्यावर संडासाच्या दाराला आतून चिठ्ठी चिकटवा, 'बंद', आणि पुढे हॉलिडे पार्कचे (गाडी लावून रात्री राहायची जागा) संडास वापरा. शेवटच्या रात्री पैसे भरून पार्कमध्ये राहा म्हणतो ते एवढ्यासाठीच. पार्क सकाळी दहाला सोडायचं असतं, त्यामुळे हे सगळं आदल्या संध्याकाळी.

सगळं वाचून एखाद्या काकू म्हणतात, "पैसे घ्या म्हणावं जास्तीचे, पण हे नको." हे मला मनापासून कळतं. कितीतरी घरांत हे काम कायम दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला घातलेलं आहे, आणि नाक मुरडण्याआधी त्याचा विचार व्हावा असं मला वाटतं. पण किळस खोटी आहे असं मी म्हणत नाही. पहिल्यांदा डबा उचलताना पोटात ढवळतं. घरातल्या कुणा एकावरच, बहुधा वहिनींवर, हे ढकललं जातं, ते मात्र मला अजिबात मान्य नाही. पाळी लावा.

बाकीचं भराभर. सांडपाण्याची टाकी निघण्याआधी डंप स्टेशनवरच सोडा, नळी धुऊन ठेवा, टाकीची चावी बंद केली का ते दोघांनी बघा. पिण्याच्या पाण्याचा नळ वेगळा असतो; डबा धुतलेली नळी त्याला लावायची नाही. पाण्याचं टोपण आणि डिझेलचं टोपण गाडीच्या अंगावर जवळजवळ असू शकतात, आणि चुकीच्या टाकीत गेलेलं बहुतेक विम्यात बसत नाही. घाईच्या सकाळी हेच होतं. शेवटच्या दोन दिवसांत गाडीत मासे तळू नका, फोडणी करू नका. गादीच्या कापडात वास बसला की साफसफाईचे पैसे लागतात. पार्कचं सामायिक स्वयंपाकघर आहे, तिथे हवा तेवढा मासा तळा. तेल सिंकमध्ये ओतायचं नाही, बाटलीत भरून कचऱ्यात. ओट्यावर हळदीचा डाग पडला तर घासत बसू नका, पुसा आणि खिडकीचं ऊन पडू द्या, पिवळा बराच उतरतो. उरलेलं तांदूळ-पीठ पार्कच्या फुकट वस्तूंच्या फळीवर ठेवा, कुणीतरी नेतं.

पूर्वी मी स्वतःच सांगायचो, की डबा न धुता गाडी परत देण्याचे पैसे भरा आणि एक दिवस जास्त फिरा. त्या सल्ल्यात तथ्य नव्हतं असं आजही म्हणवत नाही. कायकोरा क्राइस्टचर्चपासून सुमारे १८० किलोमीटर, अडीच तास. तिथे स्पर्म व्हेल वर्षभर दिसतात. समुद्र खवळला तर बोट रद्द होते, म्हणजे हाताशी एक जास्तीचा दिवस हवा, आणि तो जास्तीचा दिवस याच दोन दिवसांतून काढावा लागतो. लहान मुलं असलेल्या घरांना मी अजून क्राइस्टचर्चच सांगतो. दोघंच असाल, डबा आदल्या रात्री कायकोरातच रिकामा करणार असाल आणि विमान परत देण्याच्या दुसऱ्या दिवशीचं असेल, तर काय सांगावं ते माझं अजून ठरत नाही.