धामण तडकली, मग बांबूकडे वळलो

वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, त्यामुळे माझी चौथीपर्यंतची वर्षं नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर गेली. तिथे घराघरात दारामागच्या कोपऱ्यात कामठी टेकवलेली असायची. आपण पुस्तकात धनुष्य म्हणतो, तिथे कामठी, आणि बाणासकट बोलायचं तर तीरकामठा. होळीला ती बाहेर निघायची. बाकी वर्षभर मांजर तिच्याशी खेळायचं.

चाळिशीला आल्यावर आपल्या हाताने एक कामठी करावी असं मनात आलं. २०२२ चा जुलै होता. पुण्यात बसून जेवढं वाचता येतं तेवढं वाचलं, त्यात धामण या झाडाचं नाव सापडलं. संस्कृतात तिला धन्वन म्हणतात, म्हणजे नावातच धनुष्य. लाकूड चिवट, लवचिक, कुऱ्हाडीच्या दांड्याला आणि गाडीच्या सामानाला पूर्वीपासून वापरात. मुळशीत मित्राच्या बांधावर धामणीचा जुना खुंट होता आणि त्याला सरळसोट फोक फुटले होते. मनगटाहून जाड असे दोन त्याला विचारून तोडले.

साल केळ्याच्या सालीसारखी सोलून निघाली. खाली बुळबुळीत, पांढरंशुभ्र लाकूड. मी जाम खूश. एक फोक पूर्ण सोलला आणि लवकर वाळावा म्हणून गॅलरीत उभा केला. अधूनमधून ऊन पडायचं, वारा तर भरपूर. चौथ्या रात्री बाहेर टक् असा आवाज झाला. मला वाटलं उंदीर. सकाळी बघतो तर एका टोकापासून हातभर लांब चीर, नख सहज आत जाईल एवढी. दोन दिवसांनी ती थेट गाभ्यापर्यंत गेली.

यात लाकडाचा काही दोष नव्हता. लाकूड वाळताना गोलाईच्या दिशेने जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडच्या दिशेने आकसतं. अख्खा गोल ओंडका वाळवला की ही ओढाताण कुठेतरी फुटणारच. त्यात मी पावसाळ्यात, झाड रसाने भरलेलं असताना तोडलं, सालीचं पांघरूण काढलं आणि टोकं उघडी ठेवली. टोकांतून पाणी सगळ्यात भराभर जातं. चुकायचं म्हटलं तरी याहून जास्त चुकता आलं नसतं.

दुसरा फोक त्याच दिवशी पाचरी मारून उभा चिरला. एक अर्धा वाकडा फुटला, तो चुलीसाठी मित्राला परत दिला. उरलेल्या अर्ध्याची साल ठेवली, दोन्ही टोकांना फेविकॉलचे तीन हात दिले, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं आणि सालीवर पेनाने लिहिलं: ३ किलो ६४० ग्रॅम. मग माळ्यावर.

दिवाळीनंतर धडगावला गेलो. वडिलांच्या ओळखीचे एक भिल्ल गृहस्थ आहेत, लहानपणापासून मी त्यांना मामा म्हणतो. त्यांना गॅलरीतली गोष्ट सांगितली तर ते बराच वेळ हसले.

“गुरुजींचा पोरगा, आणि पावसाळ्यात लाकूड तोडतो?”

“मामा, वाळवायलाच चुकलो.”

“तोडायलाच चुकला. आणि धामण कशाला? बांबू काय संपला?”

भिल्लांची कामठी बांबूची, आणि तिची दोरीही बांबूच्याच पट्टीची. हे मी लहानपणी रोज बघितलं होतं आणि पार विसरलो होतो.

बांबूचं बेट त्यांच्या शेताच्या कडेला होतं. इथे एक आडवळण घेतो, कारण पुण्यात मला हमखास विचारतात की हे कायद्यात बसतं का. बांबू खरं तर गवत, पण १९२७ च्या भारतीय वन कायद्यात तो झाडांत मोजला होता. २०१७ च्या दुरुस्तीने बांबू त्या व्याख्येतून काढला, त्यामुळे वनजमिनीबाहेरच्या बांबूला झाडाचे नियम राहिले नाहीत. म्हणून मालकी रानातला घेतला. जंगलातल्या बेटाला विचारल्याशिवाय कोयता लावू नका, आणि कामठी झाली म्हणून सशामागे पळू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे.

आता तोड. मला वाटलं होतं जाडजूड, हिरवागार, तेजदार बघून घ्यायचा. मामांनी तसल्याला हातही लावला नाही. बांबू एकाच पावसाळ्यात पूर्ण उंची आणि पूर्ण जाडी गाठतो. पुढची तीनेक वर्षं तो वाढत नाही, फक्त पक्का होतो. म्हणजे जाडीवरून वय कळत नाहीच. कोवळ्यावर पांढरी भुकटी असते आणि पेरांना खपल्या चिकटलेल्या असतात. त्या खपल्यांवरची बारीक कुसं हातात गेली की दिवसभर खाज. पक्क्याचा हिरवा मळकट, पिवळसर झालेला असतो आणि सालीवर बुरशीचे राखाडी डाग दिसतात. मामा कोयत्याच्या पाठीने प्रत्येकाला टिचकी मारत चालले होते. कोवळा थप्प वाजतो, पक्का टण् वाजतो. दहाबारा ऐकल्यावर फरक माझ्याही कानाला कळायला लागला.

पंचाईत अशी की नवे कोंब बेटाच्या कडेला येतात आणि पक्के बांबू आत मधोमध अडकलेले असतात. दोन तास आडवंतिडवं शिरून आम्ही तीन काढले. जमिनीपासून दुसऱ्या पेराच्या अगदी वर घाव घालायचा. पेराच्या वर वाटी राहिली तर तिच्यात पावसाचं पाणी साचतं आणि खुंट कुजतो. अंधारा पंधरवडा होता, तोही मामांनी मुद्दाम धरलेला. चांदण्यात तोडलेल्याला भुंगा लागतो म्हणतात. भुंगा येतो तो आतल्या पिठासाठी, एवढं मला पटतं. चंद्राबद्दल मी मामांशी वाद घातला नाही.

बुंध्याकडचा भाग घेतला, कारण तिथे भिंत जाड, जवळजवळ भरीव. सहा-सहा फुटांचे तुकडे केले. चिरताना कोयता बारीक टोकाकडून घातला आणि वरून लाकडी ठोकणीचे घाव. चीर एका बाजूला पळायला लागली की जाड राहिलेली बाजू वाकवायची, चीर आपोआप तिकडे वळते. हे बघायला सोपं आहे. माझ्या हातून पहिला तुकडा सरळ बाजूला निघून गेला, त्याच्या पुढे टोपलीच्या कामट्या झाल्या.

चिरलेल्या फाकी ओढ्यात दगडाखाली दाबल्या, तीन आठवडे. पीठ पाण्यात निघून जातं. डिसेंबरात काढायला गेलो तेव्हा असा आंबूस वास होता की हात धुऊनही भाकरीला येत होता. मग दोन-दोन फाकी पाठीला पाठ लावून बांधल्या, म्हणजे वाळताना वाकत नाहीत, आणि चुलीवरच्या माचाणावर ठेवल्या. धूर, सावली आणि मंद ऊब. मी पुण्याला परतलो. मध्ये दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मामी म्हणाल्या, “आहेत तिथंच, पळाल्या नाहीत.”

फेब्रुवारीच्या शेवटी गेलो तेव्हा फाकींचा रंग मधासारखा झाला होता आणि वाजवल्यावर आवाज भांड्यासारखा. घडणीचं काम अडीच दिवसांत झालं. बाहेरच्या सालीला हात लावायचा नाही, कारण सगळी ताकद त्या बाहेरच्या दाट धाग्यांत असते. तासायचं ते आतल्या पांढऱ्या बाजूने, आधी कोयत्याने, मग फुटक्या काचेने. एक पेर वाकडं होतं, ते निखाऱ्यावर धरलं. थोड्या वेळाने सालीवर घामासारखे थेंब फुटले. मामांनी फडक्याने पुसले, गुडघ्यावर दाब दिला आणि थंड होईपर्यंत तसाच धरून ठेवला.

वाक बघताना माझ्या कामठीची खालची बाजू ताठ निघाली. काच घासायची, वाकवायची, लांब धरून बघायचं, पुन्हा घासायची. इथे मी एकदा घाई केली आणि नको तिथे जास्त खरवडलं. तेवढ्यापुरती ती बाजू आजही जरा जास्त वाकते. पट्टीची दोरी मामांनीच केली, मला जमली नाही. सामान तोलायच्या हुकाच्या काट्याला लावून दोन फूट ओढली तर १४ किलो भरली. कडब्याच्या पेंढीत वीस पावलांवरून बाण जातो, मी मारला तर पेंढीच्या आसपास जातो.

धामणीचा अर्धा फोक अजून माळ्यावरच आहे. पहिल्या वर्षात त्याचं वजन झरझर उतरलं, मग मंदावलं, पावसाळ्यात तर उलट चाळीस ग्रॅम वाढलं. सालीवर आता लिहायला जागा उरलेली नाही म्हणून खडूने भिंतीवर लिहितो. शेवटच्या तिन्ही नोंदी सारख्याच आहेत: २ किलो ६१०. मामांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, “राहू दे अजून एक उन्हाळा.”