रिकाम्या टेरॅरियमचा उन्हाळा

बुटक्या लीफ शॅमेलिऑनसाठी, म्हणजे रिपेलिऑन ब्रेव्हिकॉडेटस या छोट्या सरड्यासाठी, तयार केलेल्या टेरॅरियमची (माती-झाडे लावलेल्या पेटीची) ही उन्हाळा संपतानाची नोंद आहे. प्राणी अद्याप आणलेला नाही. पुण्याचा एक पूर्ण उन्हाळा या पेटीने सोसल्याशिवाय तो आणायचा नाही, असे आधीच ठरवले होते. टांझानियातील उसांबारा आणि उलुगुरू डोंगरांच्या दमट जंगलांत पालापाचोळ्यात वावरणारा हा सात-आठ सेंटीमीटरचा प्राणी २० ते २५ अंशांत सुखी असतो. त्यामुळे युरोपातील छंदींच्या लिखाणात हमखास भेटणारा उबेचा दिवा आपल्याला बहुतांशी निरुपयोगी आहे. आपला प्रश्न गारव्याचा.

पेटी ४५ सेंटीमीटर लांबी, रुंदी आणि उंचीची आहे. तळाशी विटांचे तुकडे, त्यावर जाळी आणि वर कोकोपीट, पानमाती व बारीक वाळू यांचा १० सेंटीमीटरांचा थर आहे. मादी माती उकरून अंडी घालते, म्हणून तो याहून पातळ ठेवू नये. वर उंबराची वाळलेली पाने, नेचे आणि झोपण्यासाठी काही बारीक काटक्या.

एप्रिलमध्ये बाहेर पारा चाळिशीकडे सरकला, तेव्हा एकाच खोलीत माळ्याजवळ ३३ आणि फरशीलगत २९ अंश भरत होते. म्हणून पेटी उत्तरेकडच्या खोलीत, जमिनीपासून वीतभर उंचीवर आणली, खिडकीला वाळ्याचा पडदा लावून तो दुपारी भिजवत ठेवला आणि जाळीच्या झाकणावर संगणकातला छोटा पंखा बसवला. पुण्याची उन्हाळी दुपार कोरडी असल्यामुळे पाण्याची वाफ झपाट्याने होते आणि ती होताना उष्णता शोषली जाते. पेटीचे तापमान त्यामुळे २६ ते २७ अंशांवर थांबले. मात्र हाच पंखा आतली ओलही पळवतो, म्हणून झाकणाचा बराच भाग काचेने झाकून फवारणी सकाळ-संध्याकाळ करावी लागली. वीज जाते तेव्हा पंखा बंद पडतो, पण भिजलेला वाळा काही काळ तग धरतो. माझ्या मते पैसे जपून वापरायचे असतील, तर इन्व्हर्टरच्या आधी वाळा घ्यावा.

खाद्याची गोष्ट अधिक नाजूक निघाली. पंख नसलेल्या किंवा उडू न शकणाऱ्या फळमाश्या पिकलेले केळे, गूळ आणि यीस्ट यांच्या लगद्यावर वाढतात, पण सुमारे ३० अंशांवर वाढलेले नर वांझ निघतात आणि काही वाणांत पंखांची वाढही पुन्हा डोके वर काढते. म्हणून बरण्या पाण्याच्या ताटलीत, जिथे मुंग्याही पोहोचत नाहीत, सर्वांत गार कोपऱ्यात ठेवल्या आहेत. कोळशावर वाढवलेले स्प्रिंगटेल (ओल्या मातीतले अगदी बारीक जीव) मात्र मजेत आहेत: बरणीत पाणी ओतले की ते पांढऱ्या पिठासारखे वर तरंगतात आणि तसेच पेटीत ओतता येतात. लाकडावरची बुरशी त्यांनीच आटोक्यात आणली. उसांबारातल्याच ऱ्हॅम्फोलिऑन स्पिनोसस या दुसऱ्या बुटक्या शॅमेलिऑनची जीभ शरीराच्या अडीचपट लांब जाते आणि २६४ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या २६४ पट, इतक्या प्रवेगाने सुटते, असे २०१६ मध्ये मोजले गेले. तेव्हा भक्ष्य बारीक असले तरी हरकत नाही, ते हलते हवे.

कागदपत्रांचेही पाहिले आहे. ही प्रजाती साइट्सच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे अशा जिवंत प्राण्याची परिवेश २.० या सरकारी पोर्टलवर नोंदणी बंधनकारक आहे. बंदिवासात जन्मलेला आणि कागद चोख असलेला प्राणी मिळाला तरच व्यवहार करीन. जंगलातून पकडलेले बहुधा परजीवी आणि पाण्याची कमतरता घेऊन येतात. टेकडीवरचा आपला भारतीय शॅमेलिऑन उचलून आणणे तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे.

पावसाळा पेटीला आपसूक मानवेल. पुढची कसोटी ऑक्टोबर हीटची: तेव्हा पारा मेपेक्षा उतरलेला असला तरी परतत्या पावसाची ओल हवेत असते, म्हणून वाळ्याचा गारवा तेवढा मिळणार नाही.